नकाशांतून उभें राहिलेलें नगर

जुन्या नगराचा नकाशा पाहणाऱ्यास एक चमत्कारिक अनुभव येतो. नगर समोर असतें. त्याची नदी, त्याचे बाजार, त्याचीं देवळें, त्याच्या गल्ल्या, सर्व कांहीं नांवानिशीं लिहिलेलें असतें. परंतु त्या नगरांत शिरतां मात्र येत नाहीं. नकाशा हा आकाशांत घिरट्या घालणाऱ्या घारीच्या दृष्टीनें काढलेला असतो. रस्त्यानें चालणाऱ्या माणसाला काय दिसे, दोन घरांच्या मधून ऊन त्याच्या अंगावर पडे कीं नाहीं, पावसांत त्याच्या डोक्यावर कोणाच्या पागोळ्या गळत, याविषयीं नकाशा मौन धरतो. म्हणूनच मोठमोठ्या ग्रंथसंग्रहांत सहस्रावधि नकाशे सुखानें निद्रा घेत असतात, आणि एखाद्या संशोधकावांचून त्यांस कोणी जागें करीत नाहीं.

इ. स. २०१३ सालीं लंडन येथील ब्रिटिश लायब्ररी या राष्ट्रीय ग्रंथालयानें ही निद्रा मोडण्याचा एक नवाच उपाय योजिला. त्यानें विद्यार्थ्यांसाठीं एक स्पर्धा जाहीर केली. स्पर्धा निबंधाची नव्हती, वक्तृत्वाची नव्हती, चित्रकलेचीहि नव्हती. ती होती संगणकावरील खेळ रचण्याची. ब्रिटनमधील विद्यापीठांत व उच्च शिक्षणसंस्थांत शिकणाऱ्या मुलामुलींनीं ग्रंथालयांतील जुने नकाशे व जुनीं चित्रें यांचा आधार घ्यावा आणि ज्यांत पाहणाऱ्याला मनसोक्त संचार करतां येईल असें एक जग पडद्यावर उभारावें, अशी अपेक्षा होती. ‘ऑफ द मॅप’ हें स्पर्धेचें नांव. नकाशावरून उचललेलें आणि नकाशाच्या बाहेरचें, असे दोन्ही अर्थ त्या नांवांत ध्वनित होतात. आणि पुढें जें घडलें त्यांत दोन्ही अर्थ खरे ठरले.

ग्रंथालयानें या कामीं दोन सहकारी घेतले. एक, त्या काळीं नॉटिंगहॅम शहरांत भरत असलेला ‘गेमसिटी’ हा खेळांचा महोत्सव. आणि दुसरी, जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील ‘क्रायटेक’ ही खेळ निर्माण करणारी कंपनी. या कंपनीची ख्याति बंदुका आणि रणांगणें यांच्या खेळांबद्दल. ज्या यंत्रणेनें ती घनदाट अरण्यें आणि धुराचे लोट पडद्यावर दाखवी, तीच यंत्रणा आतां विद्यार्थ्यांच्या हातीं गतकालाच्या पुनर्निर्मितीसाठीं आली. विषय तीन ठेवले होते: स्टोनहेंज येथील प्राचीन शिळावर्तुळ, गिझाचे पिरॅमिड आणि सतराव्या शतकांतील लंडन.

लेस्टर येथील डी मॉन्टफर्ट विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षांतील सहा विद्यार्थ्यांच्या एका संघानें यांपैकीं लंडन निवडलें. आणि ऑक्टोबर २०१३ मध्यें नॉटिंगहॅमच्या महोत्सवांत पहिलें पारितोषिक त्यांसच मिळालें. त्यांची चित्रफीत सुमारें साडेतीन मिनिटांची आहे. तींत पाहणाऱ्याची दृष्टि अरुंद, फरसबंद गल्ल्यांतून पुढें पुढें सरकत जाते. दोहों बाजूंचीं लाकडी घरें मजल्यागणिक रस्त्यावर ओणवीं होत गेलेलीं आहेत. दारांवर चितारलेल्या पाट्या टांगलेल्या आहेत. नदीवर धुकट पसरलेलें आहे आणि तिच्यावरील पुलावर घरांची रांग उभी आहे. हें सर्व १६६६ सालच्या भयंकर आगीपूर्वींचें लंडन. चित्रफीत अल्पावधींत लक्षावधि लोकांनीं पाहिली. ज्यांनीं जन्मांत कधीं जुना नकाशा हातीं धरला नव्हता तेहि तींत रमून गेले.

संघानें आपणांस ‘पुडिंग लेन प्रॉडक्शन्स’ असें नांव घेतलें होतें, आणि त्या नांवांतच त्यांच्या विषयाचा गाभा होता. रविवार, तारीख २ सप्टेंबर १६६६ च्या पहांटे पुडिंग लेन या गल्लींतील थॉमस फॅरिनर नांवाच्या पाव भाजणाऱ्याच्या घरांत आग लागली. ती चार दिवस धुमसत राहिली. तींत सुमारें १३,२०० घरें, ८७ उपासनामंदिरें व सेंट पॉलचें जुनें महामंदिर जळून गेलें. पुडिंग या शब्दानें आज गोड पक्वान्न डोळ्यांपुढें येतें. परंतु या गल्लीच्या नांवांत तो गोडवा नाहीं. जवळच्या बाजारांतील खाटीक जनावरांचीं आंतडीं या वाटेनें खालीं नदीवरील होड्यांकडे नेत, त्या आंतड्यांचें तें नांव. नुसता नकाशा वाचणारा ‘पुडिंग लेन’ हीं दोन अक्षरें वाचून पुढें जाईल. परंतु ज्याला ती गल्ली बांधावयाची आहे त्याला थांबावेंच लागतें. गल्ली केवढी रुंद होती? तिला उतार होता काय? जमिनीवर काय सांडलेलें असे?

या स्पर्धेचें खरें मर्म येथें आहे. निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपलें अज्ञान विशेषणांच्या आड लपवितां येतें. ‘त्या काळीं घरें दाटीवाटीनें उभीं होतीं’ असें एक वाक्य लिहिलें कीं परीक्षकाचें समाधान होतें व विद्यार्थी पुढील परिच्छेदाकडे वळतो. नगर बांधणाऱ्यास ही सोय नाहीं. त्याला प्रत्येक घराला दार द्यावें लागतें, दार कोणत्या दिशेस तें ठरवावें लागतें, छप्पर गवताचें कीं कौलांचें हें सांगावें लागतें. जें त्याला ठाऊक नाहीं त्या ठिकाणीं पडद्यावर भोंक पडतें, आणि तें भोंक सर्वांस दिसतें. म्हणून तो पुन्हां संग्रहाकडे धांवतो. ग्रंथालयांत शिरण्याचें याहून चांगलें कारण विद्यार्थ्याच्या हातीं क्वचितच येत असेल.

मग या सहा विद्यार्थ्यांच्या लंडनमध्यें खरें किती आणि कल्पित किती? याचें उत्तर तीन भागांत द्यावें लागतें, आणि तें मोठें बोधप्रद आहे. त्यांचे रस्ते खरे आहेत. त्यांचीं घरें बहुतेक तर्कानें बांधलेलीं आहेत. आणि त्या घरांवर टांगलेल्या पाट्या पुन्हां खऱ्या आहेत.

रस्ते खरे कां, याला इतिहासांतच कारण आहे. आग विझून पंधरा दिवस होतात न होतात तोंच ख्रिस्तोफर रेन आणि जॉन एव्हलिन या दोघा विद्वानांनीं नव्या नगराचे आराखडे राजापुढें ठेवले होते. सरळ, रुंद राजमार्ग आणि प्रशस्त चौक असें त्या आराखड्यांचें स्वरूप होतें. परंतु प्रत्येक जळक्या जागेचा कोणीतरी मालक होता, आणि त्याला आपलीच जागा परत पाहिजे होती. भव्य आराखडे कागदावर राहिले. कांहीं रस्ते रुंद झाले, एखाददुसरा नवा निघाला, पण बहुतेक गल्ल्या आपल्या जुन्या वळणावरच पुन्हां उभ्या राहिल्या. त्यानंतर दहा वर्षांनीं, १६७६ सालीं, ऑगिल्बी आणि मॉर्गन यांनीं नगराचा शंभर फुटांस एक इंच या प्रमाणाचा सूक्ष्म नकाशा तयार केला. अशा नकाशांच्या आधारें जळालेल्या नगराचीं वळणें बऱ्याच विश्वासानें सांगतां येतात. घरमालकांच्या हट्टानें रेनचें स्वप्न मोडलें, परंतु त्याच हट्टानें इतिहासाच्या विद्यार्थ्याची सोय केली.

घरांची गोष्ट याच्या उलट. तीं लाकडाचीं होतीं व तीं जळून गेलीं. १६६७ च्या कायद्यानें नवीं घरें विटांचीं किंवा दगडाचीं बांधणें सक्तीचें झालें. त्यामुळें जुन्यासारखें घर पुन्हां उठलेंच नाहीं. अमुक गल्लींतील चौथ्या घराला खिडक्या किती होत्या, हें सांगणारा साक्षीदार उरला नाहीं. विद्यार्थ्यांनीं येथें त्या काळच्या बांधणीची सामान्य रीति अभ्यासिली आणि तिला धरून घरें कल्पिलीं. हा तर्क आहे. परंतु तो निराधार नव्हे.

आणि पाट्या? त्या काळीं लंडनमधील घरांस क्रमांक नव्हते. ते अठराव्या शतकांत आले. पुष्कळांस वाचतां येत नसे. म्हणून दुकानदार आणि खाणावळवाले आपल्या दारावर चित्र टांगीत, व पत्ता सांगतांना लोक त्या चित्राचें नांव घेत. यांपैकीं अनेक नांवें त्या काळच्या लोकांच्या दैनंदिन्यांत आलेलीं आहेत, आणि विद्यार्थ्यांनीं तशीं खरीं नांवें शोधून आपल्या गल्ल्यांत टांगलीं. त्या दैनंदिन्यांत सर्वांत प्रसिद्ध सॅम्युएल पीप्स याची. आरमाराच्या कचेरींतील हा अधिकारी १६६० पासून १६६९ पर्यंत आपली रोजनिशी लघुलिपींत लिहीत होता. आग जवळ आली तेव्हां त्यानें आपल्या बागेंत खड्डा करून मद्य आणि इटालियन चीज पुरून ठेवलें, हें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. ही रोजनिशी त्याच्या इतर ग्रंथांसह केंब्रिज विद्यापीठांतील मॉडलिन महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत आहे; ती छापून निघाली ती १८२५ सालीं. दीडशें वर्षांहून अधिक काळ कपाटांत पडून राहिलेल्या वहीनें असें एका नगराचें स्मरण राखलें.

येथें कोणी असें समजूं नये कीं, संग्रहांतला कागद तेवढा खरा आणि विद्यार्थ्याचा तर्क तेवढा खोटा. कागदहि चुकतो. वेन्सेस्लॉस हॉलर हा त्या शतकांतील नामांकित ठसे कोरणारा. टेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील एका मंदिराच्या मनोऱ्यावरून त्यानें लंडनचा विस्तीर्ण देखावा रेखाटला. तो १६४७ सालीं प्रसिद्ध झाला. आगीपूर्वींचें लंडन पाहावयाचें तर या चित्राहून मोलाचें साधन थोडेंच. तथापि त्या चित्रांत शेक्सपीअरच्या नाटकांमुळें अमर झालेलें ग्लोब नाटकगृह आणि अस्वलांच्या झुंजींचें आवार या दोन इमारतींचीं नांवें एकमेकांच्या जागीं पडलीं आहेत. नाटकगृहावर अस्वलांची पाटी आणि अस्वलांवर नाटकगृहाची! जो केवळ चित्र पाहून जाईल त्याला हें कळणार नाहीं. जो तें नाटकगृह बांधावयास बसेल, त्याला मात्र आज ना उद्यां दुसऱ्या साधनांशीं पडताळा घ्यावा लागेल, आणि तेथें चूक उघडी पडेल. पडताळा घेण्याची ही संवय लागणें यालाच शिक्षण म्हणतात.

या उपक्रमावर आक्षेप घेणारे असतील, आणि त्यांचे आक्षेप पोरकट नव्हेत. पहिला आक्षेप असा कीं, ग्रंथालय हें गंभीर अध्ययनाचें स्थान. तेथील अमोल ठेवा खेळासाठीं खुला करणें हें त्याच्या प्रतिष्ठेस शोभत नाहीं. पण प्रतिष्ठा कोणाची? कोणी न पाहिलेल्या नकाशाची प्रतिष्ठा ही बंद पेटींतल्या दागिन्यासारखी आहे. शिवाय विद्यार्थ्यांच्या हातीं मूळ कागद गेलेच नाहींत; गेल्या त्या त्यांच्या संगणकावरील प्रतिमा. मूळ ठेवा होता तेथेंच सुरक्षित राहिला.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो सहजासहजीं परतवितां येण्याजोगा नाहीं. पडद्यावरील नगर हें फार खरें वाटतें. रस्ता, घर आणि पाटी यांवर एकच ऊन पडतें आणि एकच धुकें उतरतें. यांतलें कोणतें पुराव्याचें आणि कोणतें तर्काचें, हें पाहणाऱ्यास कळत नाहीं. ग्रंथकार ‘बहुधा’ लिहितो, ‘असावें’ म्हणतो. चित्राला ‘बहुधा’ म्हणतां येत नाहीं. शिवाय या लंडनचे रस्ते निर्मनुष्य आहेत. आगीच्या आदल्याच वर्षीं प्लेगनें लंडनची दैना केली होती. सरकारी मृत्युपत्रकांत त्या वर्षीं ६८,००० हून अधिक प्लेगचे बळी नोंदले गेले. तो आक्रोश, ती दुर्गंधि, ते मिटलेल्या दारांवर काढलेले तांबडे क्रूस यांतलें कांहीं सुंदर धुक्यांतून दिसत नाहीं. एखादा मुलगा हेंच सतराव्या शतकाचें संपूर्ण चित्र समजून बसला तर दोष कोणाचा?

या आक्षेपाला एकच प्रामाणिक उत्तर आहे, आणि तें स्पर्धेच्या स्वरूपांतूनच मिळतें. लाभ पाहणाऱ्याचा थोडा आहे. लाभ बांधणाऱ्याचा मोठा आहे. या संघानें काम चाललें असतां आपल्या प्रगतीचीं टांचणें प्रसिद्ध केलीं होतीं. नकाशा कोठून घेतला, घर कसें रचलें, काय साधलें, काय बदललें, याचा हिशेब त्यांनीं दिला. ज्यानें स्वतः घर कल्पिलें त्याला तें कल्पित आहे याचा विसर पडत नाहीं. दुसऱ्याचें गतकालाचें चित्र पाहतांनाहि तो विचारील, ‘हें तुम्हांला कशावरून कळलें?’ ज्या तरुणाच्या मनांत हा प्रश्न रुजला त्याला इतिहासाच्या नांवावर फसविणें सोपें नाहीं. आणि आजच्या जगांत, जेव्हां खऱ्यासारखें दिसणारें खोटें चित्र क्षणांत तयार होतें, तेव्हां या प्रश्नाचें मोल पूर्वींपेक्षां कितीतरी वाढलें आहे.

ग्रंथालयानें ही स्पर्धा पुढेंहि चालविली. २०१४ सालीं भयानक व अद्भुत रसाच्या ‘गॉथिक’ वाङ्मयाचा विषय होता. त्या वर्षीं साउथ वेल्स विद्यापीठाचा संघ जिंकला. त्यांनीं निवडलेली वास्तु फाँटहिल अॅबी. विल्यम बेकफर्ड या धनाढ्य लेखकानें १७९६ पासून हा प्रचंड प्रासाद उभारावयास घेतला व त्यावर अडीचशें फुटांहून उंच मनोरा चढविला. पुढें त्यानें तो, बंगालमध्यें बंदुकीच्या दारूच्या व्यापारांत गबर झालेल्या जॉन फार्कर यास विकला. आणि १८२५ सालीं मनोरा कोसळला. ती नाहींशी झालेली वास्तु विद्यार्थ्यांनीं पाण्याखालच्या एका गूढ जगांत पुन्हां उभारली. येथें त्यांनीं वास्तवाचा आवच आणला नाहीं, आणि तोहि एक प्रामाणिकपणाच होय.

२०१५ सालीं लुइस कॅरल याच्या अॅलिसच्या कथेला दीडशें वर्षें झालीं, म्हणून तोच विषय ठेविला. आणि २०१६ सालीं, शेक्सपीअरच्या मृत्यूला चारशें वर्षें झालीं तेव्हां, त्याचीं नाटकें. अॅलिसच्या वेळीं ग्रंथालयापाशीं एक विलक्षण ठेवा होता. कॅरलनें स्वहस्तें लिहिलेली व स्वतः चित्रें काढलेली मूळ वही त्यानें १८६४ सालीं छोट्या अॅलिस लिडेलला भेट दिली होती. वृद्धपणीं, १९२८ सालीं, तिला ती लिलावांत विकावी लागली व वही अमेरिकेंत गेली. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश जनतेनें दाखविलेल्या धैर्याबद्दल आदर म्हणून कांहीं अमेरिकन सज्जनांनीं १९४८ सालीं ती ब्रिटनला परत अर्पण केली. एका मुलीच्या करमणुकीसाठीं लिहिलेली वही राष्ट्राचें निधान होते आणि पुन्हां तरुणांच्या खेळाला विषय पुरविते. गंभीर आणि खेळकर यांमधील भिंत वाटते तितकी जाड नाहीं, हेंच यावरून दिसतें.

महाराष्ट्रांतील श्रोत्यांस ही गोष्ट अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. सापशिडी म्हणून आज मुलें जो खेळ खेळतात, त्याचें आपल्याकडील जुनें रूप मोक्षपट. त्याच्या घरांत सद्गुण व दुर्गुण यांचीं नांवें लिहिलेलीं असत. सद्गुणाच्या शिडीनें चढावें, दुर्गुणाच्या सापानें घसरावें, आणि अखेरीस मोक्षाच्या घरीं पोहोंचावें. परंपरा त्याचें कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खेळाचें एक रूप इंग्लंडांत गेलें व तेथें बाळगोपाळांत रूढ झालें. पश्चिम भारतांतील या पटांवर जेकब श्मिट-मॅडसन या संशोधकानें डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठांत प्रबंध सादर केला, तो २०१९ सालीं. आपल्या पूर्वजांनीं शास्त्रांतला विचार पटावर उतरविला, आणि आतां पटच विद्वानांच्या अभ्यासाचा ग्रंथ झाला आहे. ग्रंथांतून खेळ आणि खेळांतून ग्रंथ, असा हा मार्ग दोन्हीं बाजूंनीं चालता आहे.

एवढें मात्र विसरतां कामा नये कीं, हें सर्व घडलें तें कोणीतरी ते कागद शतकानुशतकें जपले म्हणून. हॉलरनें ठसा कोरला, मोजणीदारांनीं जळक्या जमिनीवरून सांखळी ओढली, पीप्सनें मेणबत्तीच्या उजेडांत डोळे शिणवून रोजनिशी लिहिली. त्यांपैकीं कोणाच्याहि स्वप्नांत संगणक नव्हता. जपणाऱ्यांनाहि तो माहीत नव्हता. पुढील पिढी या कागदांस कोणता प्रश्न विचारील हें जपणाऱ्याला कधींच ठाऊक नसतें. त्याचें काम एवढेंच कीं, प्रश्न येईल तेव्हां कागद जागेवर असावा. आणि तरुणांचें काम हें कीं, त्यांनीं प्रश्न घेऊन दाराशीं यावें. सहा विद्यार्थी आंतड्यांच्या एका गल्लीविषयीं असा प्रश्न घेऊन आले, आणि साडेतीनशें वर्षांपूर्वीं राख झालेल्या गल्लींत पुन्हां पाऊल टाकतां आलें.